नऊ तांब्यांची अतिवृष्टी

योगीराज : अतिवृष्टी झाली.

भक्ती : कुठं?

योगीराज : आपल्या इथं. थडी बेलखेड्यात. काल सकाळी. अभिनंदन. आता मी काही बोललोच नाही असं समज, कारण सरपंचांनी कुणालाच सांगू नको म्हणलंय.

भक्ती : योगीराज, काल कडक ऊन होतं.

योगीराज : ऊन होतं ते आपल्याला. कागदावर धो धो होता. जाऊ दे, काही झालंच नाही. चहा सांगू?

भक्ती : राखीपौर्णिमेच्या आधीपासून थेंब नाही. दुपारी सोयाबीन माना टाकायलंय. आणि म्हणे अतिवृष्टी!

योगीराज : उलट मलाच तुला विचारायचं होतं. हवामान केंद्राची चावी कुणाकडं? तुझ्याकडं. कृषी हवामानशास्त्रात एमएस्सी कोण? तू. मी आपला ग्रामपंचायतीचा ऑपरेटर. मला फक्त जन्म, मृत्यू आणि प्रिंटर कळतं. त्यातही प्रिंटर अर्धवट.

भक्ती : स्क्रीन फिरव इकडं.

योगीराज : हे बघ. काल महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस कुणाकडं? आपल्याकडं. घाटावरची गावं खाली, कोकणातली त्याच्या खाली. आपण सगळ्यांच्या वर. माणसाला उगीच बरं वाटतं.

भक्ती : एवढा? अर्ध्या तासात? अरे, एवढा पाऊस झाला असता तर आत्ता आपण दोघं लिंबाच्या झाडावर बसून बोलत असतो.

योगीराज : तेच मी पहिल्या फोनवर सांगितलं. तालुक्याहून विचारायलेत, पुरामुळं स्थलांतरित किती? मी म्हणलं, एक. बन्सीधर.

भक्ती : बन्सीधरला बायकोनं घराबाहेर काढलंय.

योगीराज : रकान्यात कारण विचारलेलं नव्हतं.

भक्ती : आणि दुसरा फोन?

योगीराज : दुसरा होडी लागेल का म्हणून. मी म्हणलं, पाठवा. मुद्दाम नाही म्हणायला आपण कोण?

भक्ती : योगीराज!

योगीराज : तिसऱ्या फोनचं मात्र हसू येत नाही. कालव्यावरून परमेश्वर बोलला.

भक्ती : गेटवाला परमेश्वर?

योगीराज : तोच. त्याला वरून हुकूम आलाय, थडी बेलखेड्याचं गेट बंद कर. ज्या गावात अतिवृष्टी झाली त्या गावाला कालव्याची पाळी कशाला? आपलं पाणी दुसऱ्या फाट्याला जाणार.

भक्ती : आत्ता? शेंगा भरायच्या दिवसांत? अरे, ही एक पाळी गेली तर शेंगेत दाणाच धरणार नाही. रिकाम्या शेंगा राहतील नुसत्या. सगळ्या गावानं या एका पाळीवर डोळे लावलेत.

योगीराज : म्हणून तर मी सुरुवातीलाच अभिनंदन करून घेतलं. नंतर कुणी करणार नाही.

(भक्तीची आजी कमलबाई आत येतात. हातात रिकामा तांब्या.)

कमलबाई : किती भरला गं डबा?

भक्ती : कोणता डबा, आजी?

कमलबाई : तुजा. शाळंमागचा. जाळीतला.

योगीराज : भक्ती, मला वाटतं ढग सापडला.

भक्ती : आजी, तू काय केलंस?

कमलबाई : म्या एकटीनं कामून? आमी नऊ जनी व्हतो. आदी हळदीकुंकू, मग बेल, मग अभिषेक. सगळं रीतीनं केलं. बबिताचा तांब्या लय मोठा, तिनं दोनदा घातला, पन ते आमी धरलं न्हाई.

भक्ती : पर्जन्यमापकाला अभिषेक?

कमलबाई : नाव काय असंल ते असू दे. पानी मातर चांगलं गिळतंय. टिक टिक वाजायलं आतून. सविता म्हनली, आजी, बोलायलंय ते.

भक्ती : टिक टिक वाजतं म्हणजे ते मोजतंय! आत एक छोटं डवलं असतं, ते भरलं की उलटतं आणि तेवढा पाऊस धरतं. जाळीला कुलूप होतं, आजी. चावी कुठून आणलीस?

कमलबाई : तुज्या उशाखालून. झोपंत तू घोरतीस, म्हनून उठवलं न्हाई.

योगीराज : नऊ तांब्यांत कोकण मागं टाकलं. घागरी नेल्या असत्या तर आपण जगात पहिले आलो असतो.

भक्ती : तू गप. आजी, असं का केलंस गं?

कमलबाई : का म्हंजे? पाऊस दडी मारून बसला की महादेव पान्यात कोंडायचा, ही आपली रीत हाय का न्हाई? गाभाऱ्याची मोरी चिखलानं बुजवायची, घागरी आनायच्या, पिंड बुडंस्तोवर ओतायच्या. देवाला गुदमरलं की देव पाऊस सोडतो. माज्या सासूनं कोंडला. तिच्या सासूनं कोंडला. म्या सोता दोनदा कोंडलाय.

योगीराज : मग या वर्षी त्याला का सोडला?

कमलबाई : सोडला न्हाई, निसटला. सरपंच दिनकररावानं जीर्णोद्धार केला न्हाई का? गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी, अन् मोरीला हा एवढा पाइप. आमी इकडून ओतायलोत अन् पानी तिकडून भळाभळा भाईर. घोट्याएवढं बी थांबंना. देव आपला खुशाल, पाय पसरून बसल्यावानी.

योगीराज : सरपंचांनी देवाला जामीन मिळवून दिला म्हणायचं.

कमलबाई : मग आमाला आठवलं, भक्तीनं शाळंत बायका गोळा करून काय सांगितलं व्हतं. पाऊस झाला का न्हाई, ते सरकार या डब्याला इचारतं. डबा म्हनला झाला, तर झाला. डबा म्हनला न्हाई, तर न्हाई. सांगितलं व्हतंस का न्हाई?

भक्ती : मी समजावून सांगत होते गं!

कमलबाई : आमाला समजलं की. पाऊस ज्याच्या हाती, त्याला कोंडायचं. महादेवाच्या हातून गेला, डब्याच्या हाती आला. आमी पत्ता बदलला.

योगीराज : यात चूक काढणं अवघड आहे, मॅडम.

भक्ती : आणि त्याच दिवशी मी पाऊस का पडत नाही तेही सांगितलं होतं. उच्च दाबाचं. ते कुणाच्याच लक्षात नाही.

कमलबाई : कामून न्हाई? आभाळात कुनीतरी बसलंय म्हनलीस.

योगीराज : मलाही सांग. त्या दिवशी मी प्रिंटरपाशी होतो.

भक्ती : पृथ्वीच्या पोटाशी, विषुववृत्तावर, हवा तापून वर जाते. वर गेली की ती उत्तरेकडं येते आणि मग खाली बसायला लागते. जिथं ती खाली बसते तिथं उच्च दाबाचा पट्टा. खाली येता येता ती हवा तापते, कोरडी पडते. खालून ढग उठायला बघतो, ही त्याला उठू देत नाही. ढग दिसतो, पण पाऊस पडत नाही.

योगीराज : म्हणजे भावकी.

भक्ती : जगातली मोठमोठी वाळवंटं या पट्ट्याखाली आहेत.

योगीराज : म्हणजे मोठी भावकी.

भक्ती : ऐकायचंय का? हा पट्टा एका जागी राहत नाही. हिवाळ्यात तो आपल्या डोक्यावर असतो, म्हणून दिवाळीनंतर आभाळ कसं लख्ख दिसतं. उन्हाळा सरत आला की तो उत्तरेकडं सरकतो आणि त्याच्या जागी समुद्रावरची ओली हवा येते. तो आपला पावसाळा. पण मधेच कधी पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी निघून जातो, आणि हा दाब परत इकडं पाय पसरतो. मग भर पावसाळ्यात खंड पडतो. सध्या तेच चालू आहे.

कमलबाई : म्हंजे त्याची बी पाळी असती.

भक्ती : कुणाची?

कमलबाई : त्या दाबाची. हिवाळा त्याचा. पावसाळा आपला.

भक्ती : हो. तसं म्हणता येईल.

कमलबाई : मग हिवाळ्यात बसू दे की बापड्याला. कोन न्हाई म्हनायलंय? हरभऱ्याला थंडी लागती, जवारीला लागती. बस बाबा, खुशाल बस. श्रावनात कामून आलास? आपल्या गावात कुनी दुसऱ्याच्या पाळीत पाटाचं बारं फोडलं तर कुऱ्हाडी निगत्यात. याला कुनीच कसं इचारत न्हाई?

योगीराज : त्याचं ऑफिस वर आहे, माय.

भक्ती : आजी, ते सगळं राहू दे. तू इथं बस आणि नीट ऐक. डबा म्हणाला पाऊस झाला. सरकारनं डब्याचं ऐकलं. पाऊस झालाय म्हणून आता आपलं कालव्याचं पाणी बंद करायलेत.

कमलबाई : कुनाचं?

भक्ती : आपलं. बबिताचं, सविताचं. सगळ्या गावाचं.

कमलबाई : सोयाबीनचं?

भक्ती : सोयाबीनचं.

कमलबाई : (तांब्या पालथा ठेवतात.) म्हंजे आमीच पानी तोडलं.

भक्ती : आजी, तुला कुठं माहीत होतं?

कमलबाई : थांब. समजूत काढू नकं.

योगीराज : पाणी देऊ, माय?

कमलबाई : नकं. पान्याचं नाव काढू नकं.

योगीराज : थांबा, सरपंचांचा फोन. हां, दिनकरदादा. हो दादा. नाही दादा, कुणालाच सांगितलं नाही. भक्ती? ती समोरच बसलीय, तिलाही नाही सांगितलं. हां. पंचनाम्याचं पथक दुपारी, बरं. पिकं सडली म्हणायचं? पण ती वाळायलीत, दादा. हां, लांबून सारखंच दिसतं, ते खरंय. नाही, जवळ जाऊ देत नाही. डब्याचं तुम्हालाही कळलंय? गुन्हा? किती जणींवर? सगळ्यांवरच. बरं. हां, कमलमाय कुठं आहेत ते बघतो. ठेवतो.

भक्ती : काय म्हणाले?

योगीराज : म्हणाले, पाऊस झालाय. नुसता नाही, लय झालाय. पथक आलं की सगळ्यांनी एका सुरात सांगायचं, पीक पाण्यानं गेलं. मग नुकसानभरपाईत सगळ्यांची नावं लागतील. आणि डब्याचं कुणी एक अक्षर काढलं तर सरकारी यंत्रात ढवळाढवळ केली म्हणून नऊ बायकांवर गुन्हा. केंद्र दुसऱ्या गावाला. आणि तुझी चावी जमा.

भक्ती : म्हणजे माझं काम गेलं.

योगीराज : तो शब्द त्यांनी वापरला नाही. 'मोकळी होईल पोरगी' असं म्हणले.

कमलबाई : अन् पानी?

योगीराज : पाण्याचं काही बोलले नाहीत. त्यांची बोअर चालू आहे.

कमलबाई : असं हाय व्हय. मग फोन लाव त्या गेटवाल्याला अन् सांग, पाऊस पडला न्हाई म्हनून.

भक्ती : असं नुसतं सांगून कोण ऐकणार? थांबा. असं करू. यंत्र बिघडलं म्हणू. पाखरानं आत घरटं केलं, वायर सैल झाली, आकडा चुकला. असं होतं कधी कधी. गुन्हा नाही, काही नाही. मी आत्ता पाच ओळी लिहून देते.

योगीराज : हे चांगलं आहे. पाखरावर केस होत नाही.

कमलबाई : न्हाई.

भक्ती : काय न्हाई?

कमलबाई : त्याला बिघडलाय म्हनायचं न्हाई. त्यानं काय वाईट केलं? त्याच्या डोक्यावर पानी पडलं, त्यानं मोजलं. एक थेंब खाल्ला न्हाई, एक थेंब पदरचा घातला न्हाई. या गावात तेवढाच एक इमानदार निगाला, अन् त्यालाच खोटा पाडायचा?

भक्ती : आजी, ते यंत्र आहे. त्याला वाईट वाटत नाही.

कमलबाई : मला वाटतंय की.

भक्ती : अगं, पण पोलीस आले तर?

कमलबाई : येऊ दे. च्या करते.

भक्ती : कोर्टात जावं लागलं तर?

कमलबाई : सोनपेठला हाय का परभनीला?

भक्ती : काय माहीत. कुठंही.

कमलबाई : पंच्याहत्तरी झाली माजी. एस्टीत तिकीट लागत न्हाई. रोज बोलवा म्हनावं. घरी तरी काय करायलेय बसून?

योगीराज : माय, दादांचंही थोडं ऐका. सगळं गाव एक वाक्य बोलणार आहे, तुम्ही एकट्याच दुसरं बोलणार. शोभतं का ते?

कमलबाई : तू कुनाकडून हायस रं?

योगीराज : मी मानधनावर आहे. माझी अजून कुठलीच बाजू मंजूर झालेली नाही.

कमलबाई : मग ऐक. न्हाई पडला तो पाऊस पडला म्हनायचा न्हाई. आज म्हनलो, तर उद्या खरंच पडंना झाला तवा कोन ऐकंल आपलं? देव खोटं वागला तर त्याला कोंडता येतं. आपन खोटं वागलो तर आपल्याला कुटं कोंडायचं?

योगीराज : पथकाच्या जीपमध्ये जागा असेल.

कमलबाई : म्या पाडला. म्याच माघारी घेते. त्याला काय कागद लागतो ते सांग.

योगीराज : पाऊस मागे घेण्याचा अर्ज? तसा नमुना माझ्याकडं नाही. विहीर हरवल्याचा एक आहे, त्यात बदल करून बघू. थांबा, आधी परमेश्वरालाच विचारतो. हॅलो, परमेश्वर? योगीराज. नाही, होडी अजून आली नाही. ऐक, पाऊस पडला नव्हता असं आमच्याकडं एक जण म्हणायलंय. हां. ज्यानं केलं त्याच्याच सहीचा? आणि केंद्र सांभाळणाऱ्याची? दोन्ही. बरं. तोपर्यंत हात लावू नको. हां, तुझी नोकरी जाते मला माहीत आहे. आज इथं सगळ्यांचीच जायलीय, ये तूही.

भक्ती : काय म्हणतो?

योगीराज : तो म्हणतो, तोंडी चालणार नाही. ज्यानं पाणी ओतलं त्याच्या सहीचा कागद पाहिजे, आणि खाली केंद्र सांभाळणाऱ्याची सही पाहिजे. तेवढं आलं तर त्याचे साहेब स्वतः येऊन खात्री करेपर्यंत तो गेटला हात लावणार नाही. नाही आलं तर दुपारी गेट बंद.

कमलबाई : दोन सह्या. एक माजी.

योगीराज : आणि एक मॅडमची.

भक्ती : मला जरा विचार करू दे.

कमलबाई : कर.

भक्ती : आजी, दोन वर्षं घरी बसले होते मी. आत्ता कुठं हे मिळालं. लोक म्हणायचे, एवढं शिकून आभाळाकडं बघत बसते. आता आभाळाकडं बघायचंच काम आहे. या कागदावर सही केली तर पहिला प्रश्न मलाच येईल, चावी उशाखाली कशी? कुलूप कुणी काढलं? त्याला उत्तर नाही माझ्याकडं.

कमलबाई : उत्तर हाय. आजीनं चोरली.

भक्ती : आजीनं चोरली असं सरकारी खुलाशात लिहिता येत नाही.

योगीराज : येतं. 'कौटुंबिक कारणास्तव.'

कमलबाई : भक्ते, एक सांग. तुजं काम काय हाय?

भक्ती : काम? केंद्र सांभाळायचं.

कमलबाई : म्हंजे काय करायचं?

भक्ती : पाऊस किती झाला ते सांगायचं.

कमलबाई : काल किती झाला?

भक्ती : खरा?

कमलबाई : खरा.

भक्ती : शून्य.

कमलबाई : मग तेच सांग. दुसरं काय मागायलेय मी तुला?

भक्ती : टाइप कर, योगीराज.

योगीराज : विचार झाला?

भक्ती : टाइप कर म्हणलं ना.

योगीराज : विषय?

कमलबाई : पाऊस न्हाई पडला.

योगीराज : 'विषय : न झालेल्या पावसाबाबत.' पुढं. 'मी, कमलबाई भ्रतार माणिकराव गिराम, राहणार थडी बेलखेडा, तालुका सोनपेठ, लिहून देते की, काल सकाळी झालेली अतिवृष्टी ही मी व इतर आठ महिलांनी मिळून केलेली आहे.'

भक्ती : अतिवृष्टी केलेली आहे असं काय लिहायलास? 'पर्जन्यमापकात तांब्याने पाणी ओतले' असं लिही.

कमलबाई : दोन्ही लिव्ह. एकानं कमी पडंल.

योगीराज : बाकीच्यांची नावं?

कमलबाई : बबिताचं आदी घाल. तांब्या मोठा व्हता, न्हाईतर रुसंल. पन त्यांच्या सह्या नकं. त्या माज्या मागं आल्या व्हत्या. सही म्याच करते.

योगीराज : 'सदर पाऊस गावात इतरत्र कोठेही पडलेला नाही. बन्सीधर हा पूरग्रस्त नाही.' बिचारा. एका दिवसासाठी तरी कुठल्या तरी यादीत आला होता.

कमलबाई : डब्याचं लिव्ह.

योगीराज : 'यंत्राची कोणतीही चूक नाही. यंत्राने आपले काम चोख केले आहे.'

कमलबाई : 'शाबासकी द्यावी.'

योगीराज : ते वेगळ्या अर्जात घेऊ. आता माफीचं एक वाक्य लागतं शेवटी. 'झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे.'

कमलबाई : कुनाला?

योगीराज : कुणाला म्हणजे? सरकारला.

कमलबाई : सोयाबीनला म्हन. सरकारचं काय वाळलं?

भक्ती : 'सोयाबीनची माफी मागते' असंच लिही. खरंच लिही.

योगीराज : लिहिलं. प्रिंटर, आता तरी इज्जत राख बाबा. निघाला! भक्ती, पहिल्या झटक्यात निघाला. याला म्हणतात चमत्कार, पाऊस वगैरे काही नाही. इथं, माय. अंगठा की...

कमलबाई : सही. अंगठा कामून? साक्षरता वर्गात पहिली आले व्हते मी. सरक. इथं ना?

योगीराज : इथं. आता तू.

भक्ती : तारीख टाकते. आणि माझ्या सहीवर एक ओळ. 'प्रत्यक्ष पाऊस : शून्य.'

योगीराज : फोटो काढला. पाठवला. निळं झालं. वाचायलाय. लिहायलाय. परत थांबला. लिहायलाय.

भक्ती : काय लिहिलं?

योगीराज : 'गेट उघडे आहे. संध्याकाळपर्यंत टेलला, तुमच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचेल. साहेब उद्या येतील. लय रागात आहेत. आजीला नमस्कार सांगा.'

कमलबाई : उद्या का? येऊ दे. तवर पानी तर चढंल ना शेतात?

भक्ती : चढेल, आजी. एकदा मुरलं की कुणाला काढून नेता येत नाही.

योगीराज : परत दादांचा फोन वाजायलाय.

कमलबाई : उचलू नकं. म्हनावं वरून दाब हाय, आवाज उठत न्हाई.

योगीराज : पथक आलं की काय सांगायचं मग?

कमलबाई : शेतात घेऊन ये त्यास्नी. माज्याच. बूट काढून उभं ऱ्हावा म्हनावं भेगांत. मग सांगा म्हनावं सडलं का वाळलं.

योगीराज : मी यात कुठंच नाही. मी फक्त रस्ता दाखवेन. खूप जवळून दाखवेन.

भक्ती : झाली वाटतं तुझी बाजू मंजूर.

योगीराज : तात्पुरती. अकरा महिन्यांसाठी.

कमलबाई : योग्या, कागद उरलाय का एखादा?

योगीराज : कशाला?

कमलबाई : ते परमेश्वर टेल म्हनला. कालव्याला नियम हाय ना, पानी आदी टेलला द्यायचं, मग वर वर यायचं?

योगीराज : आहे. कागदावर आहे. आधी टेल, शेवटी हेड, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेले. नाहीतर वरचेच सगळं पिऊन टाकतील.

कमलबाई : अन् पावसाला हाय का असला नियम?

भक्ती : पावसाला कुठला गं? ढग समुद्रावरून येतात. कोकणात ओततात, घाटात ओततात, आणि उरलंसुरलं घेऊन आपल्याकडं येतात. त्यात हा दाब असा येऊन बसला की तेही नाही.

कमलबाई : म्हंजे कोकन हेडला. आपन तितं बी टेललाच.

भक्ती : तिथंही टेललाच.

कमलबाई : मग लिव्ह. अर्ज लिव्ह.

योगीराज : कुणाला?

कमलबाई : त्यालाच. दाबाला. सगळे त्याच्याबद्दल बोलायलेत, त्याला सोताला कुनी एक कागद तरी दिला का?

योगीराज : 'प्रति, माननीय उच्च दाबाचा पट्टा.' पत्ता?

भक्ती : वर.

योगीराज : 'मुक्काम वर. विषय : पाळीबाबत. महोदय, आपली पाळी हिवाळ्यात असताना आपण ती श्रावणात घेत आहात, ही बाब गावाच्या निदर्शनास आली आहे. तरी आपण आपल्या मूळ जागी तत्काळ रुजू व्हावे. तसेच पुढील हंगामापासून पावसाचे आवर्तन टेल ते हेड या नियमाने सोडावे, म्हणजे आधी थडी बेलखेडा, नंतर कोकण, ही नम्र विनंती.'

कमलबाई : नम्र खोड.

योगीराज : खोडलं. '...ही विनंती.' झालं?

भक्ती : थांब, शेवटी एक ओळ माझी घाल. 'आपले उत्तर शाळेमागील डब्यात टाकावे. जाळीला कुलूप आहे, परंतु डबा वरून उघडा ठेवण्यात आला आहे. पोच मिळावी, ही विनंती.'